देऊळ कुणीकडे फिरले : प्रस्तावना

तारण हा शब्द मी लहानपणी दोन ठिकाणी ऐकला. रविवारी मंडळीत पाळकसाहेबांच्या तोंडून, आणि पेरणीच्या तोंडावर सोसायटीच्या ओट्यावर सचिवाच्या तोंडून. मंडळीत तारण मिळायचे, सोसायटीत ते द्यावे लागायचे. गंगाखेडच्या खालच्या अंगाला, गोदाकाठी आमचे दोन एकर काळे रान होते. त्याचा सातबारा तारण पडलेला आणि घरातली सगळी माणसे मात्र तारण पावलेली. वडिलांना यात विनोद दिसला नाही. मला तो दिसला सेमिनरीत तिसऱ्या वर्षाला, प्राध्यापक फळ्यावर ‘सॅल्व्हेशन’ आणि ‘लिबरेशन’ असे दोन शब्द शेजारी लिहून त्यांतला फरक इंग्रजीत समजावत होते तेव्हा. मी वहीत दोन्हींपुढे मराठी शब्द लिहायला गेलो आणि पहिल्यापुढेच अडलो.

दुसऱ्यापुढे ‘मुक्ती’ लिहिले, तर अडचण वेगळीच. वारकऱ्याच्या घरात मुक्ती म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका. आमच्या आजोबांच्या पिढीला मुक्ती म्हटले की १७ सप्टेंबर १९४८ आठवायचा. निजामाचे राज्य गेले, रझाकार पांगले, तो दिवस. म्हणजे मराठवाड्यात हा शब्द एकाच वेळी वैकुंठाचाही आहे आणि तहसील कचेरीचाही. लॅटिन अमेरिकेतल्या पाद्र्यांना जे जोडायला जाडजूड ग्रंथ लिहावे लागले, ते आमच्या बोलीत आधीच एका शब्दात येऊन बसले होते. तरी सेमिनरीतून परत आलो तेव्हा मला ते मराठीत सांगता येईना. हे पुस्तक त्या न सांगता येण्यातून निघाले आहे.

गेली काही वर्षे दर शनिवारी संध्याकाळी परभणीत वसमत रस्त्यावरच्या एका खोलीत आम्ही काही जण बसतो. खेड्यांवरचे दोन-तीन पाळक, एक नर्सबाई, एक निवृत्त शिक्षक, आणि अधूनमधून येणारा एक बौद्ध तरुण. ख्रिस्ती माणूस या जिल्ह्यात टक्क्याच्याही आत; त्यातून ईश्वरविज्ञान शिकायला बसणारे किती असणार? २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या अठरा लाख छत्तीस हजार होती, आमच्या खोलीत खुर्च्या नऊ आहेत. त्या नऊ खुर्च्यांसाठी केलेली टिपणे वाढत गेली, त्यांची प्रकरणे झाली. ती वाचायला लागण्याआधी वाचकाला थोडा रस्ता दाखवावा, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

ईश्वरविज्ञान म्हणजे काय, असे लोक विचारतात तेव्हा मी सांगतो, की देवाविषयीचे बोलणे शिस्तीत आणण्याचा खटाटोप. सेमिनरीत तो चार वर्षे चालतो. ग्रीकची क्रियापदे, हिब्रूची मुळे, मंडळीचा इतिहास, प्रवचन कसे बांधावे, मयताची उपासना कशी चालवावी. ऑगस्टिन येतो, लूथर येतो, कॅल्विन येतो, कार्ल बार्थ येतो आणि बराच काळ मुक्काम करतो. मग शेवटच्या वर्षात एक पेपर असायचा, त्यात बाकीचे जग एकत्र कोंबलेले. लॅटिन अमेरिका, काळी माणसे, बायका, दलित. त्या पेपराला ‘संदर्भनिष्ठ’ असे काहीसे नाव होते. बार्थच्या ईश्वरविज्ञानाला कोणी ‘स्विस ईश्वरविज्ञान’ म्हटल्याचे मी ऐकले नाही. विशेषण लागायचे ते इतरांना. माझ्या वर्गातल्या बहुतेकांनी तो पेपर परीक्षेच्या आदल्या रात्री उरकला. मीही उरकला असता, पण ग्रंथालयात जेम्स कोनचे पुस्तक हाती लागले.

कोन १९३८ साली अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात जन्मला आणि बीअर्डन नावाच्या छोट्या गावात वाढला. गावात गोऱ्यांचे चर्च वेगळे, काळ्यांचे वेगळे. ख्रिस्त दोन्हीकडे तोच, आणि चित्रात गोराच. पुढे तो पीएच.डी. झाला, बार्थवर प्रबंध लिहिला. एप्रिल १९६८मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला आणि त्याच उन्हाळ्यात, भावाच्या चर्चमध्ये बसून, त्याने ‘ब्लॅक थिऑलॉजी अँड ब्लॅक पॉवर’ लिहून काढले. ते १९६९मध्ये छापले गेले. त्याचे म्हणणे, थोडक्यात आणि माझ्या शब्दांत, असे : मिसरातल्या गुलामांची बाजू घेणारा, नासरेथच्या सुताराच्या देहात आलेला देव अमेरिकेत आज कुठे असेल तर तो मार खाणाऱ्यांत असेल. म्हणून देव काळा आहे. गोऱ्या चर्चला हे ईश्वरनिंदेसारखे वाटले.

हे वाक्य मी मराठीत मांडून पाहिले. देव काळा आहे. आमच्या आजीला सांगितले तर ती म्हणाली असती, मग? पंढरीचा काळाच आहे की! सातशे वर्षे अभंगांतून त्याच्या काळेपणाचे कौतुक चालले आहे. आणि त्याच काळ्या देवाच्या दारात चोखामेळा पायरीशी थांबला. साने गुरुजींनी १९४७च्या मे महिन्यात उपोषण केल्यावर पंढरपूरचे देऊळ सगळ्यांना उघडण्याची वाट मोकळी झाली. तोवर काळ्या देवाला काळ्या कातडीच्या माणसांचा विटाळ होत होता. तेव्हा कोनचे वाक्य शब्दशः मराठीत आणले की त्यातला डंख निघून जातो. डंखासकट आणायचे तर वाक्य बदलावे लागते. देव महार आहे. देव मांग आहे. हे मी पहिल्यांदा शनिवारच्या वर्गात मोठ्याने म्हटले तेव्हा निवृत्त शिक्षकांनी खिडकी लावून घेतली.

त्यावर नर्सबाई म्हणाल्या, पण सर, देव महार झाला होता ना एकदा? दामाजीपंतासाठी?

झाला होता. गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. मंगळवेढ्याला दुष्काळ, दामाजीने सरकारी कोठारे भुकेल्यांना लुटू दिली, बीदरच्या बादशहाने त्याला पकडून आणायला माणसे धाडली, आणि विठोबा विठू महार होऊन दरबारात धान्याचे पैसे भरून आला. बीदर आम्हाला लांबचे नाही. आमचा सगळा मुलूख बीदर आणि हैदराबाद यांच्याच तोंडाकडे बघत वाढला. या गोष्टीवर आमचे दोन शनिवार गेले, आणि या पुस्तकातले सगळ्यांत लांब प्रकरण त्यातून झाले. कारण ख्रिस्ती ईश्वरविज्ञानातला एक फार जुना तंटा त्यात जसाच्या तसा आहे. पहिल्या-दुसऱ्या शतकात काही लोक म्हणत, की ख्रिस्त खरोखर माणूस झाला नव्हता, नुसता माणसासारखा दिसला. भूक लागल्यासारखी दिसली, खिळे टोचल्यासारखे दिसले. मंडळीने ही शिकवण पाखंड म्हणून बाहेर काढली. देव देहात आला असेल तर पुरता आला पाहिजे, पोटासकट आणि मरणासकट. विठू महार हा वेश होता. काम झाले, पावती मिळाली, देव विटेवर परत. महारवाड्यात त्याने एकही रात्र काढली नाही. त्याला कोणी वेशीबाहेर हाकलले नाही, मेलेले ढोर ओढायला लावले नाही. दलित ईश्वरविज्ञानाला वेश पुरत नाही, त्याला देह हवा आहे. मला स्वतःला दामाजीची गोष्ट फार आवडते आणि ती मोडीत काढावी असे वाटत नाही. पण ती कुठे थांबते, हे बघितले पाहिजे.

अमेरिकेतल्या काळ्या माणसाची गोष्ट मराठवाड्यात चर्चच्या दारातून आली नाही, हे सांगताना मला जरा ओशाळल्यासारखे होते. ती आली महाविद्यालयाच्या दारातून. बाबासाहेबांनी औरंगाबादला उभ्या केलेल्या मिलिंद महाविद्यालयात म. ना. वानखेडे प्राचार्य होते. ते अमेरिकेत शिकून आलेले, काळ्यांचे साहित्य वाचून आलेले. दलित तरुणांनी स्वतःचे लिहावे हा धोशा त्यांनी लावला, आणि गंगाधर पानतावण्यांच्या ‘अस्मितादर्श’ने त्याला घर दिले. लातूरच्या जनार्दन वाघमाऱ्यांनी अमेरिकन निग्रो साहित्य आणि संस्कृतीवर मराठीत ग्रंथच लिहिला. हेच वाघमारे पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. परभणीची कॉलेजे त्याच विद्यापीठाखाली येतात. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती तर नावासकट तिकडची उसनवारी घेऊन. याच वर्षांत आमच्या मंडळ्यांत काय चालले होते? संडेस्कूलच्या भिंतीवर निळ्या डोळ्यांचा मेंढपाळ टांगलेला होता.

आणि त्याही आधी शंभर वर्षे एक योग येऊन गेला होता. १८७३च्या जूनमध्ये पुण्याला जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ निघाली. निग्रोंची गुलामी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना त्यांनी ती अर्पण केली. त्याच वर्षी न्यू यॉर्कला इव्हँजेलिकल अलायन्सची मोठी परिषद भरली. तिथे व्यासपीठावर आमच्या भागातला एक माणूस होता : रेव्हरंड नारायण शेषाद्री. ब्राह्मण घरातून १८४३ साली ख्रिस्ती झालेले, जालन्याला काम करणारे. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचे गाव वसवले, आणि त्यात मांग-महार कुटुंबे राहायला आली. जालना परभणीहून रेल्वेने काही तासांचा रस्ता. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले फुले आणि त्याच मिशनमध्ये घडलेले शेषाद्री. एकाने पुण्यात बसून अमेरिकेकडे बघितले, दुसरा प्रत्यक्ष अमेरिकेत पोहोचला. गुलामी आणि जात यांचा सांधा मात्र पुण्यात बसलेल्याने जुळवला. फुल्यांना ख्रिस्ती मंडळीने आपल्या इतिहासात घ्यावे की नाही, यावर मी बोलत नाही. ते कोणाच्या घेण्यात येणारे नाहीत. पण या पुस्तकात ते पहिल्या प्रकरणापासून आहेत.

आता अरविंद निर्मल. हे नाव मराठी वाचकाला अनोळखी वाटेल, याची मला खंत आहे. मराठी ख्रिस्ती मंडळीतून आलेला हा माणूस बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात शिकवत होता. एप्रिल १९८१मध्ये तिथल्या एका निरोपाच्या भाषणात त्याने ‘शूद्र ईश्वरविज्ञाना’ची कल्पना मांडली. पुढे चेन्नईच्या गुरुकुल सेमिनरीत दलित ईश्वरविज्ञानाचा विभाग निघाला तेव्हा तो त्याचा प्रमुख झाला. १९९५ साली गेला. आज दलित ईश्वरविज्ञान नावाने जगभर जे काही शिकवले जाते त्याची मुळी इथे आहे, आणि ते सगळे इंग्रजीत आहे.

निर्मलचे भांडण दोघांशी होते. एक, भारतीय ख्रिस्ती पंडितांशी. त्यांनी शंभर वर्षे वेदान्ताशी गप्पा मारल्या, ख्रिस्ताला ब्रह्म, अवतार, गुरू अशी सगळी पागोटी घालून पाहिली, आणि मंडळीत बसलेल्यांतल्या बहुतेकांच्या आज्यांना वेदाचा शब्द कानावर पडू दिलेला नव्हता, हे विसरले. दोन, लॅटिन अमेरिकेच्या मुक्तीवाद्यांशी. गुस्ताव्हो गुतिएरेझ हा पेरूचा धर्मगुरू, लिमाच्या गरीब वस्तीत राहणारा. त्याचे १९७१चे पुस्तक या सगळ्या प्रवाहाचे उगमस्थान मानतात. तो ऑक्टोबर २०२४मध्ये वारला. त्याने गरिबाला ईश्वरविज्ञानाच्या मध्यभागी आणून बसवले, हे उपकार आहेतच. पण ती गरिबी वर्गाची. पैसा आला की माणूस वर्ग बदलतो. मांगाला पैसा आला तर तो पैसेवाला मांग होतो, हे लिमाला कसे कळावे?

निर्मलने काय केले, तर ‘अनुवाद’ या पुस्तकाचा सव्विसावा अध्याय घेतला. पहिले पीक देवापुढे ठेवताना इस्राएली माणसाने आपली कुळकथा सांगायची असते : आमचा मूळपुरुष भटका अरामी होता, मिसरात गेला, गुलाम झाला, देवाने सोडवले. निर्मल म्हणतो, आम्हीही आमची कुळकथा सांगू. पण आमच्या मूळपुरुषाला भटकायचीदेखील मोकळीक नव्हती. त्याला गावाबाहेर खिळवून ठेवले होते. मी हा भाग वर्गात वाचला तेव्हा एका पाळकाने, जो एरवी फारसा बोलत नाही, आपल्या पणजोबाचे नाव सांगितले. नुसते नाव. त्यापलीकडे त्याच्याकडे काही नव्हते. मग सगळ्यांनी एकेक करून आपापल्या घरातले सगळ्यांत मागचे नाव सांगितले. कोणी चौथ्या पिढीपलीकडे जाऊ शकला नाही. त्या संध्याकाळी ईश्वरविज्ञान एवढेच झाले.

निर्मलचे आणखी एक म्हणणे मला झोपू देत नाही. यशयातला दुःख सोसणारा सेवक पुढे ठेवून तो म्हणतो, की सेवा हा देवाचा वरून घेतलेला गुण नाही, तो देवाचा स्वभाव आहे. मग जो पिढ्यान्‌पिढ्या सेवा करतो, झाडतो, घाण काढतो, तो आपला देव आहे असे म्हणायला आपण तयार आहोत का? वाचताना मला वाटले, हे धाडस बंगळूरला करायची गरज नव्हती, गंगाखेडला कधीच होऊन गेले आहे. जनाबाई आमच्या गावची. बाप पंढरपूरला नामदेवांच्या घरी ठेवून गेला आणि ती जन्मभर तिथली दासी राहिली. तिच्या अभंगांत देव काय करतो? दळू लागतो. पाणी भरतो. गोवऱ्या वेचतो. तिचे केस विंचरतो. घरगड्याची, मोलकरणीची सगळी कामे विठ्ठल करतो आणि ती त्याला विठाबाई म्हणते. देवाची सेवा करणारे संत खंडीभर आहेत. देवाला कामाला लावणारी ही एक.

पण इथेही थांबून बघायला हवे. डेलोरेस विल्यम्स ही काळी अमेरिकन ईश्वरविज्ञानी. तिने १९९३ साली हागारेवर पुस्तक लिहिले. हागार ही सारेची मिसरी दासी. मालकिणीने मूल हवे म्हणून नवऱ्याच्या हवाली केली, मग छळली, ती रानात पळाली. रानात देवदूत भेटला आणि त्याने काय सांगितले? परत जा, मालकिणीच्या हाताखाली राहा. विल्यम्स म्हणते, कोनचा देव गुलामांना सोडवतो, हे खरे. पण हागारेचा देव तिला पहिल्या खेपेला सोडवत नाही. तो तिला विहीर दाखवतो, जगण्यापुरते देतो. काळ्या बायकांनी शतकानुशतके ओळखला तो देव हा आहे. पुरुषांनी मुक्तीचे जे मोठे चित्र काढले त्यात या बायका मावत नाहीत.

जनाबाईचा देव जात्याचा खुंटा धरतो, पण तिला दासीपणातून सोडवत नाही. ती शेवटपर्यंत नामयाची दासीच. ही सांत्वना आहे की मुक्ती? मी या प्रश्नावर तीनदा प्रकरण लिहिले आणि तीनदा फाडले. पुस्तकात आहे ते चौथे. त्यात मी जनाबाईच्या बाजूने झुकलो आहे, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. गावचा माणूस आहे, निःपक्षपाती राहणे जमले नाही.

क्रूसावरच्या प्रकरणाबद्दल एक कबुली द्यायची आहे. कोनने म्हातारपणी, २०११ साली, क्रूस आणि फाशीचे झाड यांवर पुस्तक लिहिले. अमेरिकेत जमावांनी हजारो काळ्या माणसांना झाडांना टांगून मारले, आणि त्याच देशातले थोर थोर गोरे ईश्वरविज्ञानी क्रूसावर खंड लिहीत असताना त्यांना ते झाड दिसले नाही. हे वाचताना मला २००६ आठवले. खैरलांजीतल्या दलित कुटुंबाच्या हत्याकांडाची बातमी सगळीकडे पोहोचली त्यानंतरच्या रविवारी मी ज्या मंडळीत बसलो होतो तिथे क्रूसावर पाऊण तास प्रवचन झाले आणि खैरलांजीचे नाव निघाले नाही. पुढच्या रविवारचे प्रवचन माझ्याकडे होते. मीही काढले नाही. तेव्हा या पुस्तकात मंडळीवर जिथे जिथे टीका आहे तिथे ती करणारा बाहेर उभा आहे असे समजू नये.

आता सगळ्यांत अवघड पाहुणा. बाबासाहेबांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर इंग्रजीत लिहून ठेवले होते. ते त्यांच्या हयातीत छापले गेले नाही; महाराष्ट्र शासनाने काढलेल्या लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात ते आले. त्यांचे बोट बरोबर दुखऱ्या जागी आहे. मिशनरी अस्पृश्याला सांगतो, की तुझी पडझड पापामुळे झाली. पडझड समाजरचनेमुळे झाली असे सांगितले असते तर तो रचना मोडायला उठला असता. पापामुळे झाली म्हटल्यावर तो गुडघे टेकतो. म्हणून बाप्तिस्मा घेतलेल्या अस्पृश्यात चळवळ उभी राहिली नाही. मी सेमिनरीत चार वर्षे पापाची शिकवण वाचली, परीक्षेत चांगले गुण मिळवले. या दोन पानांना उत्तर मला कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडले नाही. हेच बाबासाहेब १९४६ साली अमेरिकेतल्या डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांना पत्र लिहून निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागत होते. तिकडच्या काळ्यांशी आपले नाते त्यांना दिसत होते, मंडळीतल्या मांग-महाराचे मात्र त्यांना काही खरे दिसत नव्हते.

आणि परभणीत आमचे शेजारी कोण, तर बौद्ध. ज्यांच्या मुक्तीसाठी म्हणून आम्ही ईश्वरविज्ञान मांडतो, त्यांतल्या कितीतरी जणांनी ईश्वरच बाजूला ठेवला. १९५६पासून त्यांनी जे उभे केले ते आमच्या मंडळ्यांनी दीडशे वर्षांत केले नाही. त्यांच्याशी बोलताना आम्ही शिकवायच्या नव्हे, ऐकायच्या खुर्चीत बसायचे, असा खोलीत अलिखित नियम आहे. एकत्र बसण्याचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो : पुण्याच्या ज्ञानदीप विद्यापीठात नव्या कराराचे गाढे अभ्यासक फादर जॉर्ज सोआरिस-प्रभू होते, १९९५मध्ये अपघातात गेले. जकातदार आणि पापी म्हणवले जाणाऱ्यांच्या पंगतीला येशू बसला, या प्रसंगांचा दलित ख्रिस्ती माणसासाठी काय अर्थ, हे त्यांनी मांडून दाखवले आहे. पंगत ही महाराष्ट्रात किती मोठी गोष्ट आहे हे त्यांना ठाऊक होते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’तही बाप्तिस्म्याच्या पाण्याआधी दुसऱ्या पाण्याचा प्रश्न येतो : कोणाच्या हातचे प्यायचे? तो सुटला तेव्हा खरी वाट मोकळी झाली. ते पान सेमिनरीत लावावे, असे मी सुचवून पाहिले होते. इंग्रजी भाषांतर आहे का, अशी विचारणा झाली. आहे, म्हटले. मग पुढे काही झाले नाही.

कायद्याचे एक प्रकरणही पुस्तकात आहे. ते कंटाळवाणे वाटेल, पण गाळू नये. १० ऑगस्ट १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असला पाहिजे असे ठरले. १९५६ साली शीख आत आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे सूसाई नावाच्या मद्रासच्या एका चांभाराचा खटला निकाली निघाला. रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या चांभारांना सरकारने टपऱ्या दिल्या. याला मिळाली नाही, कारण हा ख्रिस्ती. न्यायालय म्हणाले, धर्मांतरानंतर जात उरते एवढे दाखवून भागणार नाही, जातीचे चटके तितकेच खोल उरतात हे दाखवा. बाप्तिस्म्याच्या पाण्यात जात बुडते का, हा शुद्ध ईश्वरविज्ञानाचा प्रश्न. तो आम्ही टाळत राहिलो, म्हणून न्यायाधीशांना सोडवावा लागला. आमच्या भागात शाळेच्या दाखल्यावर एक ओळख आणि मंडळीच्या रजिस्टरात दुसरी, अशी कितीतरी घरे आहेत. त्यांना खोटारडे म्हणणाऱ्याने आधी त्यांच्या पोरांची फी भरावी.

पुस्तकात काय नाही तेही सांगतो. आफ्रिकेतले ईश्वरविज्ञान जवळपास नाही. मला ते पुरेसे येत नाही. फादर स्टीफन्सच्या १६१६च्या ‘ख्रिस्तपुराणा’वर एक परिच्छेद आहे, तो अपुरा आहे. ना. वा. टिळकांवर स्वतंत्र प्रकरण हवे होते. मिशनचा पगार सोडून त्यांनी १९१७ साली ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यालाही बसायला जागा ठेवली. आमच्या नऊ खुर्च्यांचे कूळ तिथलेच. पण त्यांच्यावर लिहायला बसलो की पुस्तक दुसरेच होऊ लागायचे. इंग्रजी पारिभाषिक शब्द शक्य तिथे टाळले आहेत. जिथे मराठी शब्द पाळकांनाही परका वाटला तिथे लोक बोलतात तोच ठेवला.

नावाविषयी. आमची आजी ख्रिस्ती होती, पण तिच्या गोष्टी सगळ्या गावच्या होत्या. त्यात औंढ्याची गोष्ट पुन्हा पुन्हा यायची. नामदेव शिंप्याचा पोर, औंढ्या नागनाथाच्या देवळापुढे कीर्तन करत होता. पुजाऱ्यांनी त्याला मागे पिटाळले. तो मागे जाऊन गाऊ लागला आणि देऊळच फिरून त्याच्या समोर आले. नंदी राहिला मागे, तो आजही मागेच दाखवतात. औंढा तेव्हा परभणी जिल्ह्यात होते, १९९९पासून हिंगोलीत गेले. आजी म्हणायची, ‘देवानं तोंड फिरवलं रं, माणसायनं न्हाई फिरवलं.’ कोन, गुतिएरेझ, निर्मल सगळे वाचून झाल्यावर माझ्या लक्षात आले, की तिघेही औंढ्याच्याच प्रश्नावर आहेत : देव कुणीकडे तोंड करून उभा आहे? या पुस्तकाचा पहिला खर्डा मी त्या फिरलेल्या देवळावर आनंदाने संपवला होता.

मग डिसेंबर २०२४ आला. दहा तारखेला परभणीत रेल्वे स्टेशनजवळ, बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, जाळपोळ, मग धरपकड. पंधरा तारखेला कायद्याचे शिक्षण घेणारा एक तरुण न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. चौदाच्या शनिवारी वर्ग भरला नाही. एकवीसला भरला. नाताळ चार दिवसांवर होता, म्हणून ठरल्याप्रमाणे लूकचा पहिला अध्याय होता : मरीयेचे गीत, सिंहासनावरून खाली ओढलेले अधिपती, तृप्त केलेले भुकेले. कोणाचेच लक्ष लागेना. मी वही मिटून औंढ्याची गोष्ट सांगितली, का ते मलाही माहीत नाही. बौद्ध तरुण त्या दिवशी आला होता, दाराजवळच्या खुर्चीत बसला होता.

तो म्हणाला, ‘देऊळ फिरलं, सर. पण नामदेवाला आत घेतलं का कोणी?’

मी प्रश्न वहीत उतरवून घेतला. शेवटचे प्रकरण त्या पानापासून पुन्हा लिहायला घेतले आणि ते पहिल्या खर्ड्यापेक्षा लहान झाले आहे.